आण्णांची गाडी मी नेली तेव्हा

"आण्णा, पेट्रोलचा वास येतोय."

"येतोच तो. जुनी गाडी आहे."

"आता जास्त येतोय."

आण्णांनी मान वळवली नाही. मिरज मागं पडली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बाभळी, मधेच एखादी द्राक्षाची बाग, बाकी नुसता उघडा माळ. मी मोटारसायकलवर आण्णांच्या मागं बसले होते आणि डाव्या पायाला काहीतरी गार लागतंय म्हणून खाली वाकून पाहिलं, तर सलवारीची कड पेट्रोलनं भिजलेली. तेवढ्यात गाडीनं दोन आचके दिले, मागनं पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि ती बंद पडली.

आण्णा उतरले. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद केला, डिकीतला पाना काढला आणि त्याच्या दांड्यानं कार्बोरेटरवर टक् टक् करून दोन-चार टोले दिले. मग खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं, सावकाश. जणू आम्ही नरसोबाच्या वाडीला फिरायला निघालोय.

"झालं. बस."

"काय झालं? काय होतं ते?"

"सुई अडकती आत. टोले दिले की बसती जाग्यावर. दोन महिने असंच चाललंय."

किक मारली, गाडी सुरू झाली. मी मुकाट्यानं बसले. मला गाडीत काडीचा रस नव्हता. मला पद्मलच्या घरी पोचायचं होतं.

पद्मल माझी थोरली बहीण. चार वर्षांपूर्वी तिला मिरजेच्या पलीकडं एका गावी दिली. जावई सुकुमार, बागाईत जमीन, घरात विहीर, दारात ट्रॅक्टर. आण्णांना स्थळाचा फार अभिमान. पहिल्या वर्षी ती पाठीवर वळ घेऊन आली, तेव्हा आण्णांनी तिला आठ दिवस ठेवून घेतलं आणि स्वतः पोचवून आले. दुसऱ्या खेपेलाही तेच. आमच्या गावात खत-बियाण्याचं दुकान होतं आण्णांचं, पण त्यांचं खरं काम समेट घडवायचं. भावाभावांची बांधाची भांडणं, नवरा-बायकोचे तंटे, सगळे त्यांच्याकडं यायचे. आण्णा मधे बसायचे, दोघांनाही थोडं थोडं खाली वाकवायचे आणि चहा मागवायचे. "तुटेल एवढं ताणू नये," हे त्यांचं वाक्य. लोक ते एकमेकांना सांगायचे.

त्या दिवशी सकाळी मी दुकानात बसले होते. कॉलेजला सुट्टी होती. फोन वाजला. पलीकडं एक बाई होती. नाव सांगितलं नाही.

"पद्मलच्या माहेरचं दुकान न्हवं हे? तुमची पोरगी आजच्या आज न्या. दोन दिस झालं तिला कोंडून घातलीया. उद्या येतो म्हणाल तर कशाला येताय, तेवढं मला सांगा."

आणि फोन ठेवून दिला.

आण्णा बस्तीत होते. आम्हा जैनांत देवळाला बस्ती म्हणतात. भाद्रपदातलं दहा दिवसांचं पर्व चालू होतं, रोज सकाळी पूजा, मग प्रवचन. मी चपला काढून आत गेले आणि सगळ्यांसमोर त्यांना उठवून आणलं. घरी आल्यावर ते म्हणाले, "बघू. पर्व उठू दे." मी म्हटलं, "मग मी एकटी जाते." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत जाऊन आण्णांचा कोट घेऊन आली आणि त्यांच्यापुढं धरला. तेव्हा कुठं आण्णा निघाले.

आणि आता ही गाडी.

दुसऱ्यांदा ती एका वस्तीपाशी बंद पडली. या वेळी मी आधी उतरले. कार्बोरेटरच्या खालच्या नळीतून पेट्रोलची धार लागली होती, खालची माती काळी झाली होती. आण्णांनी पुन्हा पाना उचलला.

"टोले मारू नका!"

मी इतक्या जोरात ओरडले की वस्तीवरचं कुत्रं भुंकायला लागलं.

"आवाज कुणावर चढवतीस?"

"उघडा ते. काय बिघडलंय ते उघडून बघा. पुढच्या मैलावर परत टोले मारायचे, परत पुढच्या मैलावर. संध्याकाळ होईल अशानं."

"मग परत फिरू. मिरजेत मेस्त्रीला दाखवू आणि उद्या..."

"उद्या नाही."

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेनं मी लहानपणी पाटीवरचं पुसून टाकायचे. त्या दिवशी नाही पुसलं. मी त्यांच्या हातातला पाना घेतला आणि कुठला नट फिरवायचा हे ठाऊक नसताना खाली बसले. शेवटी त्यांनीच तो परत घेतला.

त्यांचे हात तरबेज होते, हे मला कबूल आहे. प्लग काढला, तो ओलाचिंब. फडक्यानं पुसून उन्हात ठेवला. मग कार्बोरेटरची खालची वाटी सोडवली. आतून सुपारीएवढा पितळी फ्लोट निघाला. त्याचं काम साधं. वाटीत पेट्रोल भरलं की यानं तरंगत वर यायचं आणि सुई वर ढकलून पेट्रोलची वाट बंद करायची. आण्णांनी तो कानाशी हलवला. आत डुचमळलं.

"भोक पडलंय कुठंतरी. आत पेट्रोल शिरलंय. जड झालाय, तरंगतच नाही."

"म्हणजे सुई अडकत नव्हती."

"नसेल."

"दोन महिने टोले मारताय तुम्ही."

वस्तीतून एक बाई बाहेर आली होती, माझ्याच वयाची, कडेवर तान्हं मूल. काय झालं म्हणून विचारलं तिनं. आण्णांनी गरम पाणी मिळेल का विचारलं. बाळाच्या अंघोळीचं तापलंय म्हणाली आणि जर्मलच्या भांड्यात घेऊन आली. आण्णांनी फ्लोट त्यात बुडवला. एका कडेनं बारीक बारीक बुडबुडे सुटायला लागले.

"तिथं आहे भोक," आण्णा म्हणाले. ती बाजू खाली करून त्यांनी फ्लोट पाण्यात धरून ठेवला. आतलं पेट्रोल हळूहळू बाहेर येऊन पाण्यावर तरंगायला लागलं.

"लांब निघालाय?" बाईनं मला विचारलं.

"बहिणीला आणायला."

"सणाला व्हय?"

"नाही. मारतात तिला तिथं."

आण्णांचा हात पाण्यातच थांबला. मग मान वर करून ते दातओठ खात म्हणाले, "त्रिशला! वाटेवर उभं राहून घरची अब्रू वाटतीस?"

"अब्रू? तिच्या पाठीवर वळ होते तेव्हा अब्रू नव्हती गेली? आता मी तोंडानं बोलले तेव्हा गेली?"

"तुला काही कळत नाही. संसार म्हटला की..."

"काय म्हटलं की? सांगा ना. पर्वाच्या पहिल्या दिवशी बस्तीत क्षमेवर अर्धा तास बोललात. तिनं किती वेळा क्षमा करायची ते तेवढं राहिलं सांगायचं."

बाई मागं सरली. मला वाटलं, गेली. पण ती परत आली, हातात धुण्याच्या साबणाचा तुकडा. "भोकाला ह्यो लावा. आमचं मालक टाकीला लावत्यात. पेट्रोलनं इरघळत न्हाई." तिनं साबण आण्णांच्या हातात न देता माझ्या हातात दिला.

आण्णांनी फ्लोट पुसून कोरडा केला आणि मी दिलेला साबण त्या भोकावर अंगठ्यानं दाबून दाबून बसवला. मी उभी होते. मग आण्णांनी आवाज खाली आणला. माणसं समेटाला बसली की ते असाच आणायचे.

"हे बघ पोरी. मला काय माया नाही? पण घाईनं काही होत नाही. मी तिला तेच सांगितलं, आठ दिवस कळ काढ, पर्व उठलं की मी येतो, सुकुमारला समोर बसवतो..."

"कधी सांगितलंत?"

आण्णा वाटीचा स्क्रू फिरवत होते. ते फिरवतच राहिले.

"आण्णा, कधी सांगितलंत तिला?"

"फोन आला होता दुकानावर. परवा."

"पद्मलचा?"

"हं."

"ती काय म्हणाली?"

"रडत होती. रडताना माणूस काहीबाही बोलतो."

"काय म्हणाली ती?"

आण्णांनी पाना खाली ठेवला. "न्यायला या म्हणाली."

माळावर वारा नव्हता. वस्तीतल्या बाईचं मूल रडायला लागलं होतं आणि ती त्याला थोपटत होती, तेवढाच आवाज. कोंडून दोन दिवस झाले, असं सकाळी फोनवरच्या त्या अनोळखी बाईनं सांगितलं होतं. पद्मल फोन करायला बाहेर पडली, ते कुणीतरी पाहिलं असणार. आणि त्या एका फोनवर तिला मिळालं काय, तर कळ काढ.

"घरात सांगितलं नाहीत तुम्ही. आईला नाही, मला नाही."

"सांगून काय, तू असाच तमाशा केला असतास."

रागाची एक पायरी अशी असते की तिथं शब्द सुचत नाहीत, डोकं एकदम गार पडतं. त्यानंतरचं सगळं मला स्वच्छ आठवतं. आण्णांनी वाटी बसवली, प्लग बसवला. कॉक बंद ठेवून मूठ पूर्ण पिळून चार-पाच किका मारल्या, आत साठलेलं पेट्रोल फुर्र फुर्र करून बाहेर गेलं. मग कॉक उघडला, किक मारली. गाडी लागली. नळीतून धार आली नाही.

आण्णांनी गाडीचं तोंड मिरजेकडं वळवलं.

"साबणाचा काय भरवसा?" ते म्हणाले. "पुढं गेलो आणि अडकलो तर? आज मिरजेत नवा फ्लोट टाकू. उद्या पहाटे निघू, शब्द देतो तुला."

गाडी तशीच चालू ठेवून, स्टँडवर लावून, ते बाईचं भांडं परत द्यायला गेले. पाणी माळावर फेकून दिलं होतं, पण भांड्याला पेट्रोलचा वास राहिला होता म्हणून ते विसळायला हौदाकडं वळले. दुसऱ्याची वस्तू स्वच्छ करूनच परत द्यायची, हा त्यांचा नेम.

मी गाडीवर बसले. स्टँडवरून ढकलली. गिअरची गाडी मी एकदाच चालवली होती, गेल्या उन्हाळ्यात मळ्यात, हीच, आण्णा दुपारचे झोपलेले असताना. तोंड वळवताना जवळजवळ पडले. मागनं आण्णांचा आवाज आला, "त्रिशे! ए त्रिशे!" मी क्लच सोडला.

पद्मलच्या गावात शिरले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. तिच्या दारात गाडी थांबवली आणि घाईत कॉक बंद करायचं विसरले. सासू कट्ट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं.

"आण्णा कुठायत?"

"नाही आलेत."

"मग कोण आलंय?"

"मी आलेय. पद्मलला न्यायला."

"असं कसं? पुरुषमाणूस कोण नको संगं? आण्णा येऊ देत, बोलू देत, मग नेतील."

आतून दाराचा आवाज झाला. कोंडलं होतं का त्या दिवशीही, का मला येताना पाहून कडी काढली कुणी, ते मला कधी कळलं नाही. पद्मल उंबऱ्याशी आली. तिच्या चेहऱ्याची एक बाजू सुजून काळीनिळी पडली होती, उजवं मनगट तिनं डाव्या हातानं धरलं होतं. माझ्याकडं पाहून ती हसली नाही, रडली नाही.

"आण्णांनी पाठवलं तुला?"

हो म्हणाले असते तर तिला बरं वाटलं असतं. सासूही गप्प बसली असती.

"नाही," मी म्हणाले. "आण्णा परत चालले होते."

पद्मलनं चपला पायात सरकवल्या आणि कट्टा उतरून गाडीपाशी आली. आत पिशवी आणायलासुद्धा गेली नाही.

मी किक मारली. लागली नाही. परत मारली. पेट्रोलचा वास आला, नळीखाली थेंब दिसले. साबण सुटला होता. सासू उठून ओरडत होती, आणि गल्लीच्या टोकाकडून सुकुमार येत होता. धावत नव्हता. तो कधीच धावत नसे, कधी ओरडत नसे. येऊन त्यानं हँडल धरलं.

"त्रिशला, असं करू नये. आण्णांना काय वाटेल?"

त्याचा आवाज इतका मऊ होता की मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. सगळ्यांच्या तोंडी आण्णा! मारणाऱ्याच्यासुद्धा.

"हात काढा," पद्मल म्हणाली.

"पद्मा, आत चल. मी बोलतो आण्णांशी."

"हात काढा म्हटलं ना!"

तिचा एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. समोरच्या घराचं दार उघडलं. एक उंच, काळीसावळी बाई बाहेर येऊन पायरीवर उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. मग शेजारचं दार उघडलं. मग आणखी एक. सुकुमारनं इकडंतिकडं पाहिलं आणि हँडलवरचा हात असा काढला, जणू तो तिथं नव्हताच.

मी कॉक बंद केला. आण्णांनी केलं तसंच केलं. मूठ पूर्ण पिळली आणि किक, किक, किक. पायाची सालटी निघाली. गाडी खोकली, धूर ओकली, खोकली आणि धरली. पद्मल एका हातानं माझ्या कमरेला विळखा घालून बसली.

वाटेत मी सगळा वेळ तो कॉक हातानं सांभाळला. बंद करायचा, गाडी मरायला टेकली की क्षणभर उघडायचा, परत बंद. पद्मलचा चेहरा माझ्या पाठीवर टेकलेला होता, तो गरम लागत होता.

वस्तीच्या अलीकडंच आण्णा दिसले. कोट खांद्यावर टाकून भर रस्त्यानं चालत होते, पद्मलच्या गावाकडं तोंड करून. आम्हाला पाहून मधे उभे राहिले. मी गाडी थांबवणार नव्हते. पद्मलनं माझ्या पोटावर थोपटलं, म्हणून थांबवली. ती खाली उतरली.

आण्णांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग मनगटाकडं.

"लागलंय?"

"हो."

मग त्यांनी नेहमीसारखा हँडलकडं हात केला. "सरक, त्रिशला. मी चालवतो. तिघं बसू, दाटीवाटीनं."

पद्मल त्यांच्या आणि गाडीच्या मधे उभी होती. ती बाजूला झाली नाही.

"आण्णा, तुम्ही एसटीनं या," ती म्हणाली आणि परत माझ्या मागं बसली.

आण्णा घरी पोचले तेव्हा सूर्य मावळून गेला होता. पर्वात आमच्याकडं दिवस बुडाल्यावर कुणी जेवत नाही. आईनं त्यांचं ताट वाढलंच नव्हतं. ते पाय धुऊन आले, चुलीकडं पाहिलं आणि सोप्यात जाऊन बसले. आई आत पद्मलच्या मनगटाला आंबेहळद लावत होती. त्या रात्री आमच्या घरात आण्णांशी कुणी बोललं नाही.

पर्व उठल्यावर सुकुमारकडची माणसं आली. चार वडीलधारी, एक त्यांच्या गावचा माजी सरपंच. सोप्यात जाजम टाकलं. आण्णांनी आजवर ज्यांचे तंटे मिटवले, त्यांतलेही दोघं-तिघं येऊन बसले. मी आणि पद्मल दाराआड उभ्या होतो. सुकुमारचा चुलता बराच वेळ बोलला. चूक झाली, पोरगं तापट आहे, पुन्हा असं होणार नाही, तुमच्यासारख्या जाणत्या माणसाला आम्ही काय सांगायचं. शेवटी म्हणाला, "आण्णा, आता तुम्हीच काय ते बोला. तुमचा शब्द शेवटचा."

सगळे आण्णांकडं बघायला लागले. मी दाराची चौकट घट्ट धरली. मला त्यांच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं. माझी पोरगी मी पाठवणार नाही. चारचौघांत, मोठ्यानं. इतकी वर्षं माणसं त्यांच्या शब्दावर चालली, तर एकदा तरी त्यांनी तो शब्द तिच्यासाठी वापरावा.

आण्णा खाली जाजमाकडं बघत होते.

"मला विचारू नका," ते म्हणाले. "तिला विचारा."

पद्मल माझ्या शेजारून बाहेर गेली. सुजेचा पिवळा डाग अजून गालावर होता. तिनं सगळ्यांच्या समोर उभं राहून सांगितलं, मी येणार नाही. आणि ती गेली नाही. पुढं आण्णांचं दुकान तिनंच चालवलं, आण्णांपेक्षा बरं चालवलं. आण्णांनी मात्र त्यानंतर कुणाच्या समेटाला बसायचं सोडून दिलं. बोलावणी यायची, ते तब्येतीचं कारण सांगायचे.

ते वारले, त्याच्या दहाव्या दिवशी पाहुणे गेल्यावर आम्ही दोघी मागच्या दारी बसलो होतो. बोलता बोलता तोच दिवस निघाला. जाजम, चुलता, आण्णांची खाली घातलेली मान.

"तेवढं तरी म्हणाले," पद्मल म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"तेवढंच म्हणाले," मी म्हणाले.